डेव्ह-एमचा पॅच आला की आधी रिमूव्ह वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्स कर्नलमधल्या एका प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचा (चिपमधला एखादा हार्डवेअर ब्लॉक चालवणाऱ्या कोडचा) पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, तुमच्याकडे तपासायला आला आहे आणि असे काम तुम्ही पहिल्यांदाच करत आहात. पॅचने प्रोबमधल्या (डिव्हाइस चालू करणाऱ्या फंक्शनमधल्या) आयओ-रिमॅप आणि रिक्वेस्ट-आयआरक्यू या दोन कॉलच्या जागी त्यांची डेव्ह-एम रूपे, म्हणजे घेतलेली गोष्ट कर्नलने आपोआप सोडावी अशी रूपे, घातली आहेत, एरर पाथमधली (प्रोब मध्येच फसल्यावर आवरणाऱ्या वाटेवरची) दोन लेबले काढली आहेत आणि रिमूव्हमधून, म्हणजे ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमधून, आयओ-अनमॅप आणि फ्री-आयआरक्यू उडवले आहेत. क्लॉकला, म्हणजे हार्डवेअर ब्लॉक चालता ठेवणाऱ्या सिग्नलला, हात लावलेला नाही. कोड कंपाइल होतो, चेकपॅच (पॅचची शैली तपासणारी स्क्रिप्ट) काही बोलत नाही, वाचायलाही सुटसुटीत झाला आहे. रिव्ह्यूड-बाय, म्हणजे तपासल्याची सही, द्यावा का, आणि देण्याआधी नेमके काय बघावे?

माझे उत्तर: अजून देऊ नका. तुम्ही दिलेल्या वर्णनावरूनच या पॅचमध्ये एक खरी चूक दिसते आहे, आणि ती डिफमध्ये (पॅचने बदललेल्या ओळींच्या यादीत) बदललेल्या एकाही ओळीत नाही. ती न बदललेल्या क्लॉकच्या ओळीत आहे. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे डिफ बाजूला ठेवा, पॅच लावलेली अख्खी फाइल उघडा आणि प्रोबच्या आधी रिमूव्ह वाचा.

हे मी मुद्दाम उलटे सांगतो आहे. प्रोब सगळेच नीट वाचतात, कारण लिहिणाऱ्याचे सगळे लक्ष तिथे असते आणि ते चालले नाही तर डिव्हाइसच चालत नाही. रिमूव्ह मात्र वर्षानुवर्षे कुणी चालवतही नाही. रिसोर्सच्या बहुतेक चुका घेताना होत नाहीत, सोडताना होतात. एखादी गोष्ट सोडली त्या क्षणी तिचा वापर अजून कोण करत होते, एवढा एकच प्रश्न घेऊन रिमूव्हच्या प्रत्येक ओळीवर थांबायचे.

आता तुमचा ड्रायव्हर घेऊ. पॅचच्या आधी प्रोबचा क्रम असा होता: रजिस्टर (डिव्हाइसशी बोलायच्या जागा) मॅप करा, क्लॉक चालू करा, इंटरप्ट हँडलर (डिव्हाइसने इशारा दिला की चालणारे फंक्शन) लावा, शेवटी डिव्हाइस वरच्या सबसिस्टिममध्ये नोंदवा. रिमूव्हचा क्रम याच्या बरोबर उलटा: नोंदणी काढा, हँडलर काढा, क्लॉक बंद करा, मॅपिंग सोडा. चढवताना पाया आधी, उतरवताना कळस आधी. हे बरोबर होते.

पॅचनंतर रिमूव्हमध्ये दोनच ओळी उरल्या: नोंदणी काढा, क्लॉक बंद करा. हँडलर आणि मॅपिंग आता डेव्ह-एम रूपांमागचे डेव्हरेस सोडणार. डेव्हरेस ही यंत्रणा तेजून हिओ यांनी लिहिली आणि २००७ साली २.६.२१ मध्ये ती कर्नलमध्ये आली. ती घेतलेल्या गोष्टी उलट क्रमाने सोडते हे सगळ्यांना पाठ असते. पण कधी सोडते, इकडे लक्ष जात नाही. ती सोडते रिमूव्ह संपून परत आल्यानंतर. म्हणजे आता प्रत्यक्ष क्रम असा झाला: नोंदणी काढली, क्लॉक बंद केले, रिमूव्ह संपले, मग हँडलर निघाला, मग मॅपिंग गेले.

क्लॉक बंद होणे आणि हँडलर निघणे यांच्यामध्ये एक फट तयार झाली आहे. त्या फटीत इंटरप्ट आला तर हँडलर पहिली गोष्ट काय करतो? स्टेटस रजिस्टर वाचतो. ज्या ब्लॉकचे क्लॉक बंद आहे, त्याचे रजिस्टर. काही चिपवर असे वाचन केले की बस अडकते आणि अख्खी सिस्टिम जागच्या जागी थिजते, एक ओळही लॉगमध्ये न उमटता. काहींवर एक्स्टर्नल अबॉर्ट (बसने दिलेली हार्डवेअर एरर) येतो आणि कर्नल पॅनिक होतो. काहींवर नुसते शून्य मिळते. तेव्हा हँडलर ‘हा इंटरप्ट माझा नाही’ असे सांगून परततो. इंटरप्टची लाइन लेव्हल-ट्रिगर्ड (सिग्नल उभा असेपर्यंत इंटरप्ट देणारी) असेल आणि सिग्नल तसाच उभा असेल, तर हेच पुन्हा पुन्हा घडते. एका लाखापैकी ९९,९०० हून जास्त इंटरप्ट असे बेवारस निघाले की कर्नल ‘नोबडी केअर्ड’ असे लिहून ती लाइनच बंद करतो. त्याच लाइनवर दुसरे कुणी असेल तर त्याचेही काम थांबते.

यावर लेखक हमखास म्हणतील, ‘मी रिमूव्हमध्ये आधी डिव्हाइसचे इंटरप्ट मास्क करतो, म्हणजे रोखून धरतो, मग इंटरप्ट येईलच कसा?’ दोन तऱ्हांनी येऊ शकतो. लाइन शेअर्ड असेल तर शेजारचे डिव्हाइस इंटरप्ट देते आणि कर्नल त्या लाइनवरचे सगळे हँडलर बोलावतो, तुमचाही. आणि लाइन शेअर्ड नसली, तरी तुम्ही मास्क करता त्या क्षणी हँडलर दुसऱ्या सीपीयूवर आधीच धावत असू शकतो. फ्री-आयआरक्यूचे अर्धे मोल इथेच आहे. ते हँडलर नुसता काढत नाही, चालू असलेला संपेपर्यंत थांबते. पॅचनंतर ते थांबणे होते खरे, पण क्लॉक गेल्यावर.

एक जागा तर अनुभवी लोकही विसरतात. हीच फट प्रोबच्या एरर पाथमध्येही आहे. हँडलर लागला आणि त्यानंतरची नोंदणी फसली, तर कोड क्लॉक बंद करून एरर परत देतो, आणि हँडलर त्यानंतर निघतो. एरर पाथ म्हणजे क्वचित लागणारी वाट, असे समजू नका. ईप्रोब-डिफर, म्हणजे उणे ५१७, हा कोड अशासाठीच आहे की लागणारी गोष्ट अजून तयार नाही, नंतर पुन्हा बोलवा. ज्या बोर्डवर रेग्युलेटर किंवा जीपीआयओचा ड्रायव्हर उशिरा येतो, तिथे हा पाथ प्रत्येक बूटला चालू शकतो.

मी स्वतः अशा एका पॅचला होकार दिला होता. डिफ स्वच्छ होता, लेखक जाणकार होते, आणि मी रिमूव्ह उघडूनही पाहिले नाही. पुढे एका टीमच्या बोर्डवर ड्रायव्हर अनबाइंड करताना (डिव्हाइसपासून सोडवताना) कधीतरी सिस्टिम थिजायची, आणि कधीतरीच थिजत असल्यामुळे त्यांनी बराच काळ हार्डवेअरवर संशय घेतला. पॉवर सप्लाय तपासले, बोर्ड बदलून पाहिले. शेवटी बायसेक्ट (बदलांची यादी अर्धी-अर्धी करत बिघाड आणणारा बदल शोधणे) त्या पॅचवर येऊन थांबले आणि खाली माझे नाव होते. त्या लोकांचे वाया गेलेले दिवस मी अजून विसरलेलो नाही. म्हणूनच एवढे तपशिलात लिहितो आहे.

दुरुस्तीचे मार्ग सरळ आहेत. क्लॉकही डेव्ह-एमवर न्या. त्यासाठी मिळवणे आणि चालू करणे एकत्र करणारे डेव्ह-एम-क्लॉक-गेट-एनेबल्ड आता आहे. एखाद्या गोष्टीला डेव्ह-एम रूप नसेल तर डेव्ह-एम-ॲड-ॲक्शन-ऑर-रिसेटने तुमचे बंद करणारे फंक्शन त्याच रांगेत घाला. त्याची नोंद करताना मेमरी मिळाली नाही, तर ते तुमचे फंक्शन स्वतःच बोलावते. त्यामुळे एरर आल्यावर तेच काम पुन्हा हाताने करू नका. किंवा हँडलर पूर्वीसारखाच हाताने लावा आणि हाताने काढा, तेही चालते. चालत नाही ते अर्धे-अर्धे. प्रोबमध्ये वरून खाली येताना हाताने सोडायची पहिली गोष्ट जिथे लागली, त्याच्या खाली तिच्यावर विसंबणारे डेव्ह-एम काही दिसले की तिथे थांबून क्रम कागदावर मांडा. मी आजही मांडतो. डावीकडे घेतल्याचा क्रम, उजवीकडे सोडल्याचा, आणि रेघा एकमेकींना छेदल्या तर का छेदल्या हे लेखकाला विचारतो.

आता मॅपिंगकडे. इथे दुसरा सापळा आहे आणि तो वागणूक बदलणारा आहे. साधे आयओ-रिमॅप फक्त पत्ता मॅप करते. ती जागा आपली आहे असा दावा ते करत नाही. दावा करायला रिक्वेस्ट-मेम-रीजन लागते. डेव्ह-एम-प्लॅटफॉर्म-आयओ-रिमॅप-रिसोर्स मात्र दोन्ही करते. त्यामुळे जुन्या कोडमध्ये दावा नसेल आणि पॅचने ही नवी हाक (म्हणजे कॉल) घातली असेल, तर ‘फंक्शनॅलिटीत बदल नाही’ हे कमिट मेसेजमधले वाक्य खरे नाही. एकाच रजिस्टर ब्लॉकचे तुकडे दोन ड्रायव्हर वापरत असतील, तर आजवर दोघे गुण्यागोविंदाने नांदत होते. आता जो दुसरा येईल त्याला उणे १६, म्हणजे ‘ही जागा कुणाच्या तरी ताब्यात आहे’ असे उत्तर मिळेल आणि त्याचे प्रोब फसेल. लेखकाच्या बोर्डवर दुसरा ड्रायव्हर चालूच नसेल तर त्याला हे कधी दिसणार नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) त्या पत्त्याच्या आसपास आणखी कुणाचा रेग, म्हणजे पत्त्याची नोंद, आहे का ते शोधा, आणि चालू सिस्टिमवरचे प्रॉक-आयओमेम, म्हणजे कोणती जागा कुणाकडे आहे ती यादी, मागवा. जागा खरोखरच सामायिक असेल तर उपाय सिसकॉन आणि रेगमॅप (सामायिक रजिस्टर एकाच मार्गाने वापरण्याची कर्नलची सोय) हा आहे. गुपचूप दावा सोडून देणे हा नव्हे.

याच्याच पाठोपाठ परत येणारी किंमत तपासा. साधे आयओ-रिमॅप फसले की नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देते. रिसोर्सवाले रूप फसले की पॉइंटरच्या पोटात एरर कोड भरून देते. पॅचने हाक बदलली आणि खालची नल-तपासणी तशीच ठेवली, तर उणे १६ हा आकडा वैध पत्ता म्हणून पुढे जातो आणि पहिल्याच रीड-एलला (रजिस्टर वाचणाऱ्या कॉलला) कर्नल कोसळतो. नेमके उलटेही होते. डेव्ह-एम-आयओ-रिमॅप, म्हणजे ज्याच्या नावात रिसोर्स नाही ते, नलच देते, आणि लोक सवयीने तिथे इझ-एरर, म्हणजे एरर कोडची तपासणी, लिहितात. स्मॅचसारखे कोड तपासणारे टूल हे पकडते. तरी प्रत्येक हाकेची व्याख्या एकदा उघडून बघायची सवय लावा. मी नावावरून कधीच अंदाज करत नाही.

पत्त्यांचा जीवनकाळ चुकला की काय होते याचे सर्वांत बोलके उदाहरण २००८ सालचे आहे. कर्नल २.६.२७ च्या रिलीज कँडिडेटवर (प्रकाशनापूर्वीच्या चाचणी आवृत्तीवर) इंटेलच्या ई१०००ई नेटवर्क कार्डांच्या एनव्हीएममधला (कार्डवरच्या कायमच्या मेमरीतला) मजकूर बिघडू लागला. म्हणजे चूक सॉफ्टवेअरची, पण कार्ड रीबूटनंतरही निकामी. संशय स्वाभाविकपणे त्या ड्रायव्हरवर गेला. मूळ कारण डायनॅमिक एफट्रेसमध्ये (फंक्शनांचा माग काढणाऱ्या कर्नलच्या सोयीत) निघाले. मॉड्यूलच्या इनिट भागातले (फक्त लोड होताना लागणाऱ्या भागातले) पत्ते त्याने टिपून ठेवले होते. मॉड्यूल लोड झाल्यावर तो भाग मोकळा झाला, तोच व्हर्च्युअल पत्ता पुढे आयओ-रिमॅपला मिळाला, आणि जुन्या टिपणावर विसंबून केलेले लिखाण थेट कार्डच्या फ्लॅशपर्यंत पोचले. २.६.२७.१ मध्ये ते फीचर बंद करावे लागले. ‘हा पत्ता अजून माझा आहे का’ हा प्रश्न मी प्रत्येक साठवलेल्या पॉइंटरला विचारतो, तो या प्रकारामुळे.

डीएमए, म्हणजे डिव्हाइसने सीपीयूला वगळून थेट मेमरीत लिहिणे-वाचणे, असेल तर तपासणी आणखी कडक करा. बफर सोडण्यापूर्वी हार्डवेअर खरोखर थांबले आहे का? थांबवण्याचा बिट लिहिणे आणि डिव्हाइस थांबणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पीसीआय बसवर लिखाण पोस्टेड असते, म्हणजे राइट-एल (लिहिणारा कॉल) परतले तेव्हा ते वाटेतच असू शकते. त्याच डिव्हाइसचे एखादे रजिस्टर परत वाचले की आधीचे लिखाण पोचल्याची खात्री होते. त्यानंतरही इंजिन रिकामे झाल्याचा स्टेटस बिट बघावा लागतो. हे न करता मेमरी मोकळी केली तर डिव्हाइस दुसऱ्याच कुणाच्या पानात डेटा टाकत राहते. असा बिघाड शोधायला गेलात तर तो तुमच्या ड्रायव्हरच्या आसपास कुठेही सापडत नाही. डीएमए-मॅपिंग-एररची तपासणी आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

डेव्ह-एम-के-झॅलॉकबद्दल, म्हणजे मेमरी मागणाऱ्या डेव्ह-एम कॉलबद्दल, माझे मत ठाम आहे, आणि ते सगळ्यांना पटत नाही याची मला कल्पना आहे. त्याचा जीवनकाळ ड्रायव्हर डिव्हाइसला बांधलेला असेपर्यंतचा. पण ड्रायव्हर कॅरेक्टर डिव्हाइस (प्रोग्रामला फाइलसारखे उघडता येणारे) उघडून देत असेल, तर युजरस्पेसमधला प्रोग्राम फाइल उघडी धरून बसलेला असतानाही अनबाइंड होऊ शकते. स्ट्रक्चर गेले, फाइल मात्र जिवंत. पुढचा आयऑक्टल (डिव्हाइसला हुकूम देणारा कॉल) मोकळ्या झालेल्या मेमरीत जातो. अशा स्ट्रक्चरला रेफरन्स काउंटच (ते किती जण धरून आहेत याची मोजणी) हवा, आणि शेवटचा धरणारा सुटला की रिलीज कॉलबॅकने ते मोकळे करावे. डेव्ह-एम इथे सोय म्हणून घातलेले दिसले की मी पॅच परत पाठवतो. वर्क (रांगेत टाकून मागाहून करायचे काम), टायमर आणि थ्रेड यांनाही हाच नियम. रिमूव्हमध्ये ते रद्द होऊन संपेपर्यंत वाट बघितली जाते का, आणि हँडलर अजून जिवंत असेल तर तो ते पुन्हा रांगेत तर घालणार नाही ना, हे बघा.

लहान गोष्टी पटकन. पीएम-रनटाइम-गेट-सिंक (झोपलेले डिव्हाइस जागे करणारा कॉल) फसले तरी वापराचा काउंट वाढवूनच परत येते, म्हणून एरर पाथमध्ये तो उतरवणारा पुट लागतो. नव्या कोडला रिझ्यूम-अँड-गेट सुचवा, ते ५.१० पासून आहे. प्लॅटफॉर्म-गेट-आयआरक्यू एररला ऋण आकडा देते, तेव्हा फक्त ‘शून्य आले का’ बघणारी तपासणी कामाची नाही. मिळालेला एरर कोड बदलून सरसकट उणे २२ (‘अवैध मूल्य’) परत देणे म्हणजे ईप्रोब-डिफर गिळणे. मग ते प्रोब पुन्हा कधीच होत नाही. डिव्हाइस ट्रीतल्या चाइल्ड नोडच्या लूपमधून मध्येच बाहेर पडताना नोडचा रेफरन्स सोडला आहे का, तेही बघा. आणि लेबले काढणाऱ्या पॅचमध्ये उरलेला प्रत्येक गोटू (लेबलवर उडी मारणारी ओळ) बोटाने शोधून तो नेमका कुठे उतरतो ते पाहा. एक पायरी वर उतरणारा गोटू कंपायलरला चूक वाटत नाही.

नुसते वाचून भागत नाही, लेखकाकडे पुरावा मागा. सिसएफएसमधून (कर्नलने फाइलींच्या रूपात उघड केलेल्या सेटिंगमधून) अनबाइंड आणि बाइंड लूपमध्ये चालवा, डिव्हाइसवर काम चालू असताना. कासान (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) लावलेला कर्नल असेल तर उत्तम. डीबग-टेस्ट-ड्रायव्हर-रिमूव्ह हा पर्याय चालू केला की कर्नल प्रत्येक ड्रायव्हर प्रोब करून, काढून, पुन्हा प्रोब करतो. तुमच्या या पॅचसाठी तर डीबग-एसएचआयआरक्यू जणू मापाने शिवलेला आहे. शेअर्ड इंटरप्ट सोडताना तो हँडलरला मुद्दाम एकदा जास्तीचा बोलावतो, म्हणजे क्लॉक बंद असेल तर ते पहिल्याच अनबाइंडला कळते, कधीतरीच्या योगायोगाची वाट बघावी लागत नाही. डीएमए असेल तर डीएमए-एपीआय-डीबग लावा. आयओमेमच्या पॉइंटरवर थेट हात टाकला असेल तर स्पार्स हे कोड तपासणारे टूल सांगते. कमिट मेसेजमध्ये कोणत्या बोर्डवर चालवले ते नसेल तर विचारा. ‘फक्त कंपाइल केले’ असे उत्तर आले तर ते प्रामाणिक आहे, पण मग त्या हार्डवेअरवाल्या कुणाचा तरी टेस्टेड-बाय (चालवून पाहिल्याची सही) येईपर्यंत थांबा.

रिव्ह्यूड-बायचा अर्थ कर्नलच्या दस्तऐवजात लिहिलेला आहे: मी तांत्रिक तपासणी केली, माझे आक्षेप लेखकाला कळवले आणि त्यांच्या उत्तरांनी माझे समाधान झाले. हार्डवेअर तुमच्याकडे नाही म्हणून तो देता येत नाही असे नाही. क्रम तुम्ही ओळीओळीने पाहिला नसेल तर मात्र देऊ नये. काही भागच पाहिला असेल तर तसे वाक्यात लिहा, टॅग लावू नका.

या पॅचला मी असे उत्तर लिहीन. आधी क्रमाचा मुद्दा, कोणत्या ओळीनंतर काय घडते ते नावानिशी: ‘रिमूव्हमध्ये क्लॉक बंद झाल्यावरही हँडलर लागलेलाच राहतो, तो डेव्हरेस नंतर काढेल. मधल्या काळात इंटरप्ट आला तर हँडलर क्लॉक बंद असलेल्या ब्लॉकचे स्टेटस रजिस्टर वाचेल. नोंदणी फसल्यावरच्या पाथमध्येही हेच आहे. क्लॉकही याच पॅचमध्ये डेव्ह-एमवर नेता येईल का?’ मग मॅपिंगच्या दाव्याचा प्रश्न, आणि तो बदल वेगळ्या पॅचमध्ये काढण्याची विनंती, म्हणजे कुणाचे प्रोब फसले तर तेवढाच मागे घेता येईल. शेवटी शेअर्ड इंटरप्टचा डीबग पर्याय लावून अनबाइंडचा निकाल मागेन. स्पेसिंग आणि नावांबद्दल या फेरीत एक शब्दही लिहिणार नाही, कारण ते मुद्दे पुढे आले की लेखक आधी तेच दुरुस्त करतात आणि क्रम मागे राहतो.

पॅचच्या दुसऱ्या आवृत्तीत क्लॉक हाताने चालू-बंद करणे गेलेले असेल, तर रिमूव्हमध्ये बहुधा नोंदणी काढण्याची एकच ओळ उरेल. तेव्हा ती नोंदणीही डेव्ह-एमवर नेऊन रिमूव्ह अख्खे काढता येते का ते बघा. पण त्याआधी त्या सबसिस्टिमचे नोंदणी काढणारे फंक्शन उघडून वाचा, आणि चालू असलेले कॉलबॅक संपेपर्यंत ते थांबते याची खात्री करून घ्या.